देवदाराला लागलेली गोळी

मी बारेंटची होडी बोलतेय. हल्ली पालथी पडलेली असते, म्हणून आवाज जरा दबका येईल.

ओकच्या लाकडाची मी. बारेंटच्या बापाने बांधली, पोटभर डांबर पाजलं आणि हडसनच्या पाण्यात सोडली. भोपळे, मेंढरं, रमची पिंपं, एकदा तर कळा देणारी बाईसुद्धा मी पलीकडे नेली. पण बारेंटचं नाव झालं ते त्याच्या मुकेपणामुळे; जीभ होती, पण ऐकलेलं तो कुठे बोलत नसे. न्यूयॉर्कात द्वंद्वाला बंदी होती. म्हणून मोठी माणसं पहाटे नदी ओलांडून कड्याखालच्या वाळूवर यायची आणि एकमेकांवर पिस्तुलं झाडायची. पिस्तुलांची पेटी चादरीत गुंडाळलेली असे. नावाड्याने नदीकडे तोंड करून बसायचं, डॉक्टरने पाठ फिरवून उभं राहायचं. उद्या कोर्टात शपथेवर सांगता यावं, आम्ही काही पाहिलंच नाही. शिकलेल्यांची ही युक्ती मला कधीच पटली नाही. मला पाठ फिरवता येत नाही. माझं नाक किनाऱ्यालाच लागलेलं असतं.

त्या उन्हाळ्यात वकील थर्लो आणि सभागृहातले पॉवेल यांचं निवडणुकीवरून फाटलं. थर्लो भर पंगतीत म्हणाले, "पॉवेलचं मत म्हणजे मासळी. दुपार झाली की स्वस्त." कोणीतरी ते छापलं. थर्लो शब्द मागे घेईनात, पॉवेल तो गिळेनात. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं: होडी बारेंटचीच हवी, त्याचं तोंड शिवलेलं असतं.

पहिल्या खेपेला थर्लो, त्यांचा सोबती आणि डॉक्टर बसले. थर्लोंनी खिशातून चष्मा काढून पुसला.

"मी त्याला मारणार नाही," ते सोबत्याला म्हणाले. "पण आभाळात बार काढला तर उद्या छापतील, थर्लो भ्याला. त्याच्या शेजारच्या देवदारावर झाडीन. लोक म्हणतील, नेम चुकला."

"मग चष्मा कशाला?"

"अरे बाबा, चष्म्याशिवाय मला देवदार कुठला आणि पॉवेल कुठला तेच कळत नाही. चुकून लागायची त्याला."

बारेंट वल्हवत राहिला. त्यांना उतरवून आम्ही पॉवेलना आणायला परतलो.

पॉवेल सारखे अंगठी फिरवत होते. "थर्लो आंधळा आहे," ते आपल्या सोबत्याला म्हणाले. "चष्मा न लावता उभा राहिला तर समज, नुसती अब्रू राखायला आलाय. मीही वाळूत झाडीन. माझ्याही घरी पोरी आहेत. पण चष्मा चढवला, तर तो जीव घ्यायला आलाय."

बारेंटचं वल्हं पाण्यातच थबकलं. मला वाटलं, आता बोलेल. बोल रे बाबा.

"साहेब..." तो म्हणाला.

पॉवेलचा सोबती वळला. "काय रे, काही ऐकलंस का?"

बारेंटने वल्हं पुन्हा ओढलं. "नाही, साहेब."

"शाबास."

किनारा आला. बारेंट नदीकडे तोंड करून बसला. माझ्या नाकासमोर वाळूवर थर्लो उभे राहिले, पिस्तूल डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने चष्मा चढवला. पॉवेलचा चेहरा दगड झाला. तेवढ्यात माझ्या फळ्या हलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बारेंट मागे वळला होता. त्याला चष्मा दिसला.

"थांबा, साहेब," तो म्हणाला. इतक्या हळू, की फक्त मला ऐकू आलं. बार काढायची खूण म्हणून धरलेला रुमाल तोवर खाली पडला होता.

दोन बार एकामागोमाग झाले. देवदाराची साल उडाली. थर्लो गुडघ्यांवर आले.

त्यांना माझ्यातच निजवलं. डॉक्टर पोटावर कापड दाबत होते आणि ते कापड काही कोरडं राहत नव्हतं. नदीच्या मध्यावर थर्लोंनी विचारलं, "झाडाला लागली ना?"

"लागली, साहेब," बारेंट म्हणाला. "बरोबर बुंध्यात."

"बरं झालं," ते म्हणाले. शहराचा धक्का त्यांनी पाहिला नाही.

मग पॉवेलना आणायला पुन्हा जावं लागलं. माझी फळी अजून ओली होती. पॉवेल बसले आणि हात पुसत म्हणाले, "नेम चुकला बिचाऱ्याचा."

बारेंटने वल्ही आत घेतली. "नाही चुकला. त्यांना देवदारालाच मारायची होती. तुम्हाला लागू नये म्हणून चष्मा लावला. तुम्ही बसलाय ना, तिथंच बसून बोलले."

पॉवेल त्याच्याकडे वळले. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला मुका नावाडी हवा होता, साहेब."

त्यानंतर मी पाण्यात गेले नाही. बारेंटने मला दाराशी पालथी घातली. माझ्याखाली आता कोंबड्या अंडी घालतात. पॉवेल कधीतरी येतात, माझ्या पाठीवर बसून पलीकडच्या देवदाराकडे बघतात आणि उठून जातात. त्यांची मला कीव येते, रागही येतो.

तुम्ही कोणाशी भांडायला निघाला असाल, तर एवढं ऐका. दोघं एकाच होडीत बसा. नावाडी मात्र बोलका घ्या.

बारेंट हल्ली फार बोलतो. दिसेल त्याला थांबवून बोलतो. कोणी नसलं तर कोंबड्यांशी बोलतो.