ओके म्हणजे काय

‘भाषा ही मानवी मेंदूची सर्वोच्च कमाई आहे,’ असं वाचा-उपचार केंद्राच्या भिंतीवर चौकट करून लावलं होतं. त्या चौकटीच्या बरोबर खाली तिचा नवरा स्वेटरशी झटापट करत होता आणि त्याचं डोकं बाहीत अडकलं होतं.

“ओके,” तो आतून म्हणाला. “ओके. ओके.”

“अहो, थांबा. ती बाही आहे.” तिने त्याचा लुळा उजवा हात सावरला आणि स्वेटर वर ओढून काढला. डोकं बाहेर आलं. केस उभे राहिले होते.

“काय म्हणत होता दादा?” पलीकडच्या खुर्चीतून नणंदेने विचारलं.

“उकडतंय म्हणत होते.”

“एवढं सगळं म्हणाला?”

तिने स्वेटरची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

सहा-सात महिन्यांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्ताची एक गुठळी अडकली, आणि उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा त्या एका सकाळीच गेली. मागे हा एवढा एकच शब्द उरला, आणि तोही इंग्रजी. तो पंख्यांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीला होता. पंखा समोर आला की चालू करायचा, कान द्यायचा, घरघर ऐकायची आणि ‘ओके’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं. उभी नोकरी हेच केलं. त्यातही ‘ओके’ त्याच्या तोंडून निघणं मुश्कील. कारखान्यात त्याला सगळे रिजेक्टकाका म्हणत. घरीही फारसा फरक नव्हता. तिने केलेली भाजी, निवडलेले पडदे, सुचवलेली सहल, सगळं तपासणीत नापास व्हायचं. दोन शब्दांपैकी नेमका कमी वापरलेलाच कसा शिल्लक राहिला, असं तिने डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर बराच विचार करून म्हणाले, “असं होतं कधीकधी.”

त्या एका शब्दावर तिने संसार चालवला होता. लांबवलेला ओके म्हणजे भूक. तोडून टाकलेला म्हणजे टीव्ही बंद कर. शेवटी वर चढणारा म्हणजे दारात कोण आलंय, आणि घशातल्या घशात गिळलेला म्हणजे कूस बदलून दे. कधी तो नुसताच छताकडे बघत ओके म्हणायचा. त्याचा अर्थ तिने ‘तू आहेस म्हणून बरं आहे’ असा लावला होता, पण तो कुणाला सांगितला नव्हता. धुसफुसत, नाकातून आलेला ओके म्हणजे बहिणीला आता घरी पाठव. तोही सांगितला नव्हता.

मग एक दिवस भाजी निवडता निवडता नणंद सहज म्हणून गेली, “राग मानू नका वहिनी, पण तो काहीच म्हणत नसला तर? तुम्हीच विचारता, तुम्हीच उत्तर देता. त्याच्या तोंडात शब्द तुम्ही घालताय.”

राग आला असता तर बरं झालं असतं. तिला भीती वाटली. त्या दिवसापासून भरवताना चमचा मध्येच थांबायला लागला. आत्ताचा ओके लांबवलेला होता, की आपल्याला लांब वाटला? या घरात दोन माणसं राहतात, हे तिने इतके महिने गृहीत धरलं होतं. ती दिवसभर त्याच्याशी बोलत होती, वाद घालत होती, एकदा तर चांगली दोन दिवस रुसली होती. आत कुणी नसेलच, तर ती रुसली कुणावर होती?

उपचारवाल्या मॅडमनी सरावासाठी दोन कार्डं घरी दिली होती. एकावर बरोबरची हिरवी खूण, दुसऱ्यावर लाल फुली. प्रश्न विचारायचा आणि त्याने डाव्या हाताने होय किंवा नाही दाखवायचं. तिने ती पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नव्हती. वेळच मिळत नाही, असं ती सांगायची. वेळ भरपूर होता. केंद्रात पूर्वी दोनदा तपासणी झाली. एकदा तो झोपला, एकदा त्याने सगळं सामान टेबलावरून खाली लोटलं. या खेपेला मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, “आज कळेल, काकू. त्यांना समजत नसेल, तर मग उपचारांत अर्थ नाही. नुसतं सांभाळायचं.”

आतून हाक आली.

टेबलावर कंगवा, किल्ली, पेन्सिल, कप आणि चमचा ओळीने मांडले होते. मॅडम तिच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि कुणालाही न घाबरणाऱ्या होत्या.

“काकू, तुम्ही काकांच्या मागे बसायचं. हसायचं नाही, खोकायचं नाही, मान हलवायची नाही. पेशंट घरच्यांच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचतात.”

“मी नाही हलवत.”

“आत्ताच हलवलीत.”

ती मागे बसली. नणंद शेजारी. नवऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला आणि फक्त मान उरली. शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. ती सरळ करावी असं तिला फार वाटलं, पण तीही खूण ठरेल, म्हणून तिने दोन्ही हात स्वेटरखाली दाबून धरले.

“काका, कंगवा दाखवा.”

“ओके,” तो म्हणाला.

हात हलला नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी टिपलं. पेन कागदावर घासल्याचा आवाज तिला नको इतका स्पष्ट ऐकू आला.

“कंगवा, काका.”

काहीच नाही. नणंदेने सावकाश श्वास सोडला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मयताच्या घरी ठेवतात तसा. तिला खोकला येत होता. खोकायचं नव्हतं. समोरची ती मान ओळखीची होती, त्यावरचा तीळ ओळखीचा होता, आणि तरी आपण एवढे दिवस कुणा परक्याच्या घरात वावरत होतो असं तिला वाटलं. किंवा रिकाम्या घरात. परका तरी परवडला.

मग डावा हात मांडीवरून उठला. कपावरून गेला, किल्लीवरून गेला, पेन्सिलीपाशी थांबला. तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कंगवा त्याच्या हातात होता आणि तो उभे राहिलेले केस बसवत होता. भांग पाडून झाल्यावर त्याने कंगवा मॅडमसमोर ठेवला.

“ओके,” तो म्हणाला.

“छान. आता किल्ली कपात टाका आणि चमचा मला द्या.”

किल्ली खणकन पडली. चमचा मॅडमच्या हातात गेला. मॅडमनी हिरवं आणि लाल कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

“दगड पाण्यावर तरंगतो का?”

फुली.

“तुम्ही पंखे तपासायचात का?”

हिरवी खूण.

“आज एकटे आलात का?”

फुली.

“तुमची बायको या खोलीत आहे?”

मागे वळून न बघता त्याने हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.

तिने स्वेटर तोंडाशी धरला. नणंद तर उघड रडायला लागली. “चुकलं माझं, वहिनी. तुम्हीच खऱ्या. अगं बाई, सगळं समजतंय की याला!”

“सगळं,” मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. “काकू, पुढे या. आता तुम्ही विचारा काहीतरी घरचं. सवय होऊ दे.”

ती समोर येऊन बसली. इतक्या दिवसांनी छाती जरा पुढे आली होती. शिवाय नणंद बघत होती.

“अहो, संध्याकाळी गॅलरीत बसायला आवडतं ना तुम्हाला?”

फुली.

तिला वाटलं, बोट घसरलं असेल. “रेडिओवरची गाणी? मुद्दाम लावते मी.”

फुली.

“मऊ भात?”

फुली. या वेळी बोट जरा आपटलंच.

“बरं, मघाशी तुम्हाला उकडत होतं ना?”

फुली.

“मग स्वेटर कशाला काढत होतास रे?” नणंदेने विचारलं.

मॅडमनी मान वर केली. “काढत होते, की घालत होते?”

खोलीत एसी चालू होता. तिने काही न बोलता स्वेटर उलगडला आणि त्याच्या अंगात घातला, आधी लुळा हात, मग चांगला. तो गप्प बसून घालून घेत होता. नणंदेने तेवढ्यात संधी साधली.

“दादा, मी रोज येते ते आवडतं का तुला?”

हिरवी खूण.

“बघा!” नणंद म्हणाली. कुणाला म्हणाली ते बघायची गरज नव्हती.

ती हसली. इतके दिवस, आत कुणीच नसेल, ही भीती होती. आता आत माणूस होता, पूर्ण शुद्धीत होता, आणि बहुतेक गोष्टी त्याला नामंजूर होत्या. हेही एक वेळ चाललं असतं. पण तिला आपले फोन आठवले. रोज दुपारी, त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून, स्वतःच्या धाकट्या बहिणीला केलेले. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घरात शांतता आहे बघ,” ती म्हणाली होती. “काही विचारा, ओके. असे आधी असते तर काय बहार झाली असती!” दोघी हसल्या होत्या. ते एकदाच झालं असतं तरी वाईटच होतं, आणि ते रोजचं होतं.

“अजून काही विचारायचंय, काकू?”

“नाही,” ती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

मॅडमनी आठवड्यातून तीनदा यायला सांगितलं. सगळे खूश झाले. नणंद कोपऱ्यापर्यंत रिक्षातून सोबत आली, दादाच्या गालाला हात लावून उतरली, आणि मग घरी दोघंच राहिली. आता नक्की दोघं होती.

तिने दिवा लावला. खिडकी उघडली, मग त्याच्याकडे बघून लावून घेतली. धुतलेली भांडी पुन्हा पुसली. स्वयंपाकघरातून बाहेर यायला तिला एवढा वेळ कधी लागला नव्हता. ती आली तेव्हा त्याने पिशवीतून दोन्ही कार्डं काढून टेबलावर मांडली होती.

“चहा?” ती उभ्यानेच म्हणाली.

फुली.

“दूध देऊ?”

फुली.

“मग काय, उपाशी बसणार?”

त्याने हा प्रश्न नीट विचारात घेतला आणि हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. हा माणूस तिला पाठ होता. तिला हसू फुटणार होतं, ते मध्येच अडकलं. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“अहो, मी दुपारी फोनवर बोलायचे. ते सगळं तुम्ही ऐकलंत?”

हिरवी खूण.

“रोजचं?”

बोट उचललंच नव्हतं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, इतकं की बोट पांढरं पडलं. “राग आलाय?”

त्याने कार्डांकडे पाहिलं. एकदा हिरव्याकडे, एकदा लालकडे. हात फुलीकडे गेला आणि तिथेच थांबला. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागे घे, अजून मागे, असं ओरडत होतं. मग त्याने लाल कार्ड पालथं घातलं, हिरवंही पालथं घातलं, आणि दोन्ही एकावर एक ठेवून तिच्याकडे सरकवली.

“ओके,” तो म्हणाला.

लांबवलेला नव्हता, तुटकही नव्हता. तिने तो मनातल्या मनात पुन्हापुन्हा ऐकून पाहिला.

ती उठली आणि तिने चहा ठेवला. कप त्याच्या डाव्या हाताशी दिला. त्याने तो सावकाश, न थांबता, तळापर्यंत प्यायला आणि रिकामा कप टेबलावर ठेवला.

मग तिने स्वतःचा कप उचलून एक घोट घेतला. साखर घालायची राहिली होती.