मूठ दाखवली की थांबायचं

"काकू, ढुंगण मागे! गुडघा पुढे आणलात तर हातातलं वजन काढून घेईन."

जिममधली पोरं वळून बघतात. बघू देत. आमची कोच असंच बोलते. तिचे टॉवेल आमच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला येतात, तिथली आमची ओळख. पूर्वी ती वजनं उचलायच्या स्पर्धांत उतरायची. तिच्या स्वतःच्या गुडघ्यावर ऑपरेशनचा लांब व्रण आहे, म्हणून मी तिचं ऐकते. हाडांच्या डॉक्टरचं ऐकत नाही. तो म्हणाला होता, "जिने टाळा, फार वेळ उभ्या राहू नका, जड उचलू नका." मी दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी, राहायला वरच्या मजल्यावर, आणि घरात अर्धं अंग गेलेला नवरा. मी डॉक्टरला विचारलं, "आणि जगणं कधी टाळू?" तो हसला. मी विनोद केला नव्हता.

"मांडी भाजतेय?" कोचने विचारलं.

"पेटलीय."

"पेटू दे. गुडघ्यात सुई टोचली की मात्र थांबायचं. तिथं शूरपणा नको. काय?"

"थांबायचं."

"परवा काय आहे, लक्षात आहे ना?"

माझ्या लक्षात नसेल तर कोणाच्या असणार?

झालं असं. ह्यांना न्हाणीतून बाहेर आणताना माझा गुडघा वाकला आणि आम्ही दोघं ओल्या फरशीवर पडलो. मला उठता येईना, ह्यांना तर कधीच येत नव्हतं. मोठा मुलगा संध्याकाळी आला तोवर आम्ही तसेच पडून होतो. त्याने आम्हाला उचललं, कोरडं केलं, आणि मग माझ्यावरच ओरडला.

"उद्या तू मोडलीस तर दोघांना कुठं ठेवू मी? बाबांसाठी एक चांगलं केंद्र बघून ठेवलंय. स्वच्छ आहे. नर्स आहेत."

"तिथं ह्यांच्याशी बोलणार कोण?"

"इथं तरी ते कुठं बोलतात, आई?"

असं बोलणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी, पण वाजवायला उठून उभं राहावं लागतं. शेवटी त्यानेच अट घातली. "महिन्याभरानं माझ्यासमोर, एकटीनं, पलंगावरून खुर्चीत बसवून दाखव. जमलं तर विषय बंद. नाही जमलं तर तू मधे यायचं नाहीस." मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी इस्त्री केलेले टॉवेल घेऊन जिमची पायरी चढले ती कठड्याला धरून.

नवरा क्रेन चालवायचा. उंच केबिनमध्ये बसून खालच्या माणसाच्या हाताकडे बघायचं. अंगठा वर केला की उचल. मूठ दाखवली की थांब. "खालच्यानं मूठ दाखवली की थांबायचं, मग मागून कुणाचा बाप ओरडू दे," हे जेवताना शंभरदा ऐकवायचे. आता तोंडातून दोनच शब्द निघतात, 'हां' आणि 'नको'. बाकी सगळं डाव्या हाताने. मी त्यांना पलंगाच्या कडेला बसवते, कमरेच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरते, त्यांचा हात माझ्या पाठीवर येतो. पाठीला अंगठा लागला की मी उचलते, आणि त्याच क्षणी ते चांगल्या पायाने जमीन रेटतात. बघणाऱ्याला वाटतं, बाई एकटीच उचलतेय. नाही. आम्ही दोघं उचलतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसले होते. गुडघा सुजून पावासारखा झालेला. हे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "नको."

"बर्फ नको? मग काय निखारे ठेवू?"

"नको," पुन्हा तेच. आणि तोंड भिंतीकडे.

मला वाटलं चिडलेत. कामं पडली होती, मी उठले.

मोठा आला तो केंद्राची गाडी घेऊनच. ड्रायव्हर खाली थांबला होता. मला ते खिडकीतून दिसलं आणि अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे ह्याने निकाल आधीच लावला होता.

"गाडी कशाला आणलीस?"

"पुन्हा खेप नको म्हणून. आई, चिडू नकोस. कर सुरू."

मी खुर्ची पलंगाला तिरकी लावली, चाकं अडकवली. ह्यांना कडेला बसवलं, पावलं सपाट ठेवली. त्यांच्या गेलेल्या पायाला माझा गुडघा लावला, पट्टा धरला, ढुंगण मागे. पाठीला अंगठा लागला.

उचललं.

आणि कळलं. सगळंच्या सगळं वजन माझ्यावर आलं होतं. पाय जमिनीवर होता, पण त्यात माणूस नव्हता. ते रेटत नव्हते. हे मुलाला दिसणार नव्हतं, जगात कुणालाच दिसणार नव्हतं, फक्त उचलणारीला कळणार होतं.

आदल्या दिवशीचं 'नको' तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बर्फ नको असं नव्हतंच ते.

मांड्या पेटल्या. पेटू देत. मग गुडघ्यात सुई टोचली. एक, मग जणू मूठभर.

"आई, सोड! खाली बसव!"

"पुढे येऊ नकोस!"

पाठीवरचा अंगठा गेला. त्या जागी त्यांनी मूठ आवळली आणि मणक्यावर दाबून धरली. थांब. ज्या खुणेपुढे आयुष्यभर ते स्वतः थांबले, ती मला दाखवत होते. त्यांना पलंगावर परत टेकवणं सोपं होतं. पलंग मागेच होता. मग गाडी, केंद्र, स्वच्छ चादर, नर्स. आणि माझा गुडघा सुखरूप. केवढा हिशोबी माणूस! मला न विचारता माझी सुटका ठरवून मोकळा झाला. बाप काय आणि लेक काय, दोघांनीही मला विचारलं नाही.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. लग्न झाल्यापासून त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"पाय टेक," मी म्हणाले. "टेक म्हणते ना! तू पडलास तर मी पण पडणार. सोडत नाही मी."

मूठ तशीच.

"आई, कुणाशी बोलतेस?"

पट्टा बोटांतून सरकायला लागला. गुडघा थरथरत होता, त्यांच्या पायाला आपटत होता, आणि ती थरथर त्यांच्या अंगात जात असणार. मग पाठीवरची मूठ सैल झाली. अंगठा उघडला. खाली त्यांची टाच फरशीवर करकचून रोवली गेली, आणि वजन हळूहळू अर्धं झालं.

आम्ही वळलो. आम्ही खुर्चीत बसलो, म्हणजे ते बसले. मी उभीच.

पलंगावर जिथं बापाच्या वजनाने गादी दबली होती तिथं मोठा बसला आणि तोंडावरून हात फिरवला.

"ठीक आहे," म्हणाला. "गाडी परत पाठवतो."

"पाठव."

"तू बस की आता."

"बसेन सावकाश."

मला पाऊल उचलता येत नव्हतं. ते त्याला दिसू नये म्हणून मी खुर्चीच्या दांड्याला धरून, कंबरेवर हात ठेवून, भांडायला उभी राहिल्यासारखी उभी राहिले. त्याची पावलं जिन्यावरून उतरली. खाली गाडीचं दार वाजलं, गाडी गेली.

मग मी एका पायावर स्वयंपाकघराकडे वळले. ह्यांना पाणी द्यायचं होतं.

त्यांनी डावा हात वर केला. मूठ. खुर्चीच्या हातावर कोपर टेकून, न हलवता, माझ्याकडे बघत.

या वेळी मी थांबले. पलंगावर बसले, बसले कसली, कोसळलेच. पाण्याचा तांब्या तिथं दारापलीकडे दिसत होता. दोघांनाही तहान लागली होती.

मूठ त्यांनी बराच वेळ खाली घेतली नाही.