दोन रंगांचं घर

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि माझ्याच आईला दिसत नाही. यावर गिऱ्हाइकांनी जे बोलायचं ते बोलून झालंय, तेव्हा तुम्ही नवीन काही सुचवू नका. आईच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं थोडंफार कळतं, पण जिथे बघावं नेमकं तिथेच काही नसतं. याला चष्मा नाही. तरी मी नाना भिंगं करून पाहिली, मोठा टीव्ही आणला, घरातले सगळे दिवे बदलले. दोन वर्षं तिनं माझं ऐकून घेतलं आणि मग एकदा जेवता जेवता म्हणाली, "आता पुरे कर. मला बघायचंच नाही."

तेव्हापासून ती खुर्ची भिंतीकडे वळवून बसायची. टीव्ही लावला की डोळे मिटून घ्यायची. उरलेली नजर वापरायची सवय सुटली तर ती असून नसल्यासारखीच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता. तिनं कशाकडेही बघावं, अगदी शेजाऱ्यांच्या भांडणाकडेही, एवढंच मला हवं होतं.

धाकटी बहीण आमच्याकडेच असते. दिवसा एका कंपनीसाठी मोबाईलवरची बटणं रंगवते आणि उरलेल्या वेळात स्वतःचे गेम बनवते. या खेपेला भुताचा होता. जुन्या कॉम्प्युटरवर असायचे तसला: चित्रातल्या दारावर माऊसनं टिचकी मारायची, दार उघडतं, पुढच्या खोलीत जायचं. चहा होईतो संपणारा, आणि फुकट.

"फुकट? म्हणजे लोकांना घाबरवायचं आणि वर पैसेही घ्यायचे नाहीत?" मी म्हणालो.

"तुझ्या दुकानात लोक पैसे देऊन घाबरतात, दादा. त्यापेक्षा बरं."

रविवारी दुपारी तिनं पडदे ओढले आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. एकदा कुणाकडून तरी खेळून घ्यायचा होता आणि घरात रिकामा मीच होतो. पडद्यावर काळा आणि पिवळा असे दोनच रंग. चित्र जाडजूड ठोकळ्यांचं, एकेक ठोकळा साबणाच्या वडीएवढा. धूसर दिसणाऱ्यांना स्वच्छ दाखवणं हा माझा धंदा, त्यामुळे माझं डोकंच फिरलं.

"हे काय चित्र आहे? फरशी आहे ही."

"जुन्या पद्धतीचं आहे ते. मुद्दाम केलंय."

स्पीकरमधून दार करकरलं. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आईनं मान वळवली.

"तो दिवा आहे का?" तिनं विचारलं.

खोलीतला दिवा बंद होता. मी तसं सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "टेबलावरचा. आणि शेजारी खिडकी. तिची एक काच फुटलीय."

मी टीव्हीकडे पाहिलं. टेबल, दिवा, खिडकी, फुटकी काच. ज्याला मी फरशी म्हणालो, ते काळे-पिवळे जाड ठोकळेच तिच्या कडेच्या नजरेला पुरत होते. धाकटीनं माझा दंड इतका घट्ट धरला, की मला ओरडावंसं वाटलं. पण मी ओरडलो नाही. आवाज केला तर आईला दिसायचं थांबेल असं काहीतरी खुळं मनात आलं होतं.

धाकटीनं आईची खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि माऊस तिच्या हाताखाली ठेवला. डाग बाजूला पडावा म्हणून आईनं मान जराशी तिरकी केली. माऊसबरोबर पडद्यावरचा पिवळा पंजा हलला तशी ती हसली. "हा माझा हात?" म्हणाली आणि दाराची कडी काढली. मग जिना चढली. कपाट उघडलं. प्रत्येक खोलीत शिरून काय काय दिसतंय ते मोठ्यानं सांगत होती आणि प्रत्येक वस्तू बरोबर होती. मी दुकानात हजारो लोकांना अक्षरं वाचायला लावली असतील, पण कुणाची एकही चूक होऊ नये असं मला कधी इतकं वाटलं नव्हतं.

माजघराच्या दारात भूत उभं राहिलं. इथे पळायचं असतं, नाहीतर ते जवळ येतं आणि खेळ संपतो. आई दचकली, खुर्चीत मागे सरकली. पण पळाली नाही. तिनं तो पंजा उचलला आणि थेट भुताच्या गालावर नेऊन ठेवला.

भूत जागच्या जागी थबकलं.

"असं कसं झालं?" धाकटी पुटपुटली. "भुताला हात लावायचं कुणाला सुचेल असं मला वाटलंच नव्हतं."

आई बराच वेळ मान तिरकी करून पाहत राहिली. "दाढी कधी ठेवलीस रे?" ती म्हणाली.

मला काही कळेना. धाकटीनं खाली मान घातली. "सॉरी दादा. तू माझ्यावर खेकसत होतास तेव्हाचा फोटो होता. भुतासाठी दुसरं चांगलं तोंड मिळेना."

दाढी मी ठेवली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. आईला सांगायचं मला कधी सुचलंच नाही. रोज सकाळी तिला औषध देणारा माणूस तिच्या लेखी गुळगुळीत गालांचाच राहिला होता. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी गालावरून हात फिरवला.

"वाईट दिसते का?" मी विचारलं.

"भुताला शोभते," आई म्हणाली आणि पुढच्या खोलीत गेली.

मग ती खोल्यांमागून खोल्या उघडत सुटली. तळघर, माळा, न्हाणीघर. मध्ये मध्ये मी दारात उभा राहायचो आणि ती मला बाजूला ठेवून पुढे जायची. किल्ली समोर पडली होती, ती तिनं उचललीही नाही.

"आई, किल्ली घेतली की सुटलीस," धाकटी म्हणाली. "शोधतेयस काय?"

"तुला. तू कुठल्या खोलीत आहेस?"

"मी नाहीये त्यात," धाकटी म्हणाली. "मी बनवलाय तो."

"मग घे की स्वतःला. एवढं मोठं घर केलंस, त्यात तुला जागा नाही?"

धाकटीनं फोन काढला, चेहऱ्यासमोर धरला आणि हुंदका देऊन खाली केला. परत धरला, परत तेच. नाक लाल, डोळे गळताहेत.

"आधी तोंड धुऊन ये," मी म्हणालो.

"राहू दे तशीच," आई म्हणाली. "भुताच्या घरात काय कुणी हसत बसणारेय?"

मी धाकटीच्या हातातून फोन घेतला आणि ती होती तसाच फोटो काढला.