शुक्रवारच्या कप्प्यातली पूड

मी सात झाकणांची डबी बोलतेय. एकेका झाकणावर एकेक वार लिहिलेला, औषधांच्या दुकानात टांगलेली असते ना, तीच. जन्म साच्यात झाला, आठ-दहा सेकंदांत. तेव्हा बालपणाचं काही विचारू नका. स्वभावाने मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

मला विकत घेतलं मास्तरांच्या लेकीने. मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. हृदयाचं दुखणं झालं आणि त्यांच्यामागे रोजच्या सहा गोळ्या लागल्या. त्यातली एक इवलीशी, रक्त पातळ ठेवणारी. दर रविवारी लेक येते, शिलाई मशीनवर मला उघडून ठेवते आणि सातही कप्पे भरते.

"बाबा, ही छोटी चुकवायची नाही हं."

मास्तर मान डोलावतात. जन्मभर गिऱ्हाइकांपुढे मान डोलावून ती आता आपोआपच डोलते.

मास्तरीणबाईंचा मात्र गोळ्यांवर राग. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. गुडघेदुखीच्या गोळ्यांनी त्यांचं पोट बिघडलं होतं. पुढे एका वैद्यांनी पथ्य आणि व्यायाम सांगितला, तेव्हा कुठे त्या जिना चढू लागल्या. म्हणून शेजारणीने हृदयासाठी कसलीशी पूड दिली, ती त्यांनी डोळे झाकून मास्तरांना सुरू केली. वैद्यांना विचारायचं राहूनच गेलं.

"झाडपाल्याचंच आहे, अपाय कसला होणार?" त्या मास्तरांना म्हणाल्या. "लेकीला मात्र सांगू नका, उगाच डोकं खाईल."

मास्तरांनी तिथेही मान डोलावली. लेकीचं मन राखायला गोळ्या, बायकोचं मन राखायला पूड. दोघी खूश, घरात शांतता. मला तेवढी धडकी भरली, कारण रोज सकाळी माझी गाठ मास्तरांच्या बोटांशी.

आधी अंगठ्याजवळ एक निळा डाग आला. मग मनगटावर दुसरा. सुई टोचली तर रक्त लवकर थांबेना. एकदा माझ्या बुधवारच्या झाकणावर थेंब पडला, तो त्यांनी कापडाच्या तुकड्याने घाईघाईने पुसला. "वय झालं, दुसरं काय," असं स्वतःशीच पुटपुटले. मी ओरडणार कशी? फार तर झाकण कुरकुरतं माझं.

तपासणीला मीही गेले, लेकीच्या पिशवीतून. डॉक्टरांनी विचारलं, "याशिवाय आणखी काही घेता?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी खिडकीकडे पाहिलं.

"नाही," मास्तर म्हणाले. डॉक्टरांनी कागदावरची नजर वर केली नाही. बाहेर रांग मोठी होती.

आज शुक्रवार. सकाळच्या गोळ्या झाल्या, पूड झाली आणि मास्तरांच्या नाकातून रक्त सुरू झालं. एक टॉवेल भिजला, दुसरा भिजला, तरी थांबेना. शेजाऱ्याने गाडी काढली. लेक फोनवर सांगत होती, "आई, डबी घेऊन ये. मी थेट दवाखान्यात येते."

बाईंनी मला उचललं, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. लेकीला काय तोंड दाखवायचं, तोंडाने सांगायचं धाडस होईना. मग त्या माघारी वळल्या, बरणी काढली आणि शुक्रवारच्या रिकाम्या कप्प्यात चमचाभर पूड ओतून झाकण दाबलं.

आता मी दवाखान्याच्या टेबलावर आहे. पडद्यापलीकडून मास्तरांचा आवाज येत नाही. डॉक्टर घाईत आले, शनिवारचं झाकण उघडून गोळ्या पाहिल्या, मागचे कप्पे रिकामे असणार असं लेकीने न उघडताच सांगितलं, ते ऐकलं. "गोळ्या तर वेळेवर घेतल्यात," म्हणाले आणि मला खाली ठेवून वळले.

माझा तर जीवच गेला.

बाबांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल. तिच्या शेजारी जी पुडी, जी बरणी, जो काढा असेल, तोही डॉक्टरांपुढे ठेवा. वैद्यांकडे गेलात तर मलाही सोबत न्या. ते दोघे भांडले तरी चालेल, पण माणसाच्या पोटात काय काय जातंय ते दोघांनाही कळू दे.

बाकावरून बाई उठल्या. लेकीकडे एकदा पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

"डॉक्टर, शुक्रवारचं उघडा," त्या म्हणाल्या. "त्यातली पूड मीच त्यांना देत होते."