पऱ्हाटीचा खोडलेला आकडा

नरडाण्याच्या उष्णतामापन मंडळाला अकरा वर्षं झाली आणि अध्यक्ष कौतिक गुरुजी स्टेशनवर चकरा मारू लागले. सरपण जाळायचं, डब्यातलं पाणी किती तापलं ते पाहायचं आणि वहीत उष्मांक लिहायचा, एवढंच मंडळाचं काम. गाव हसायचं. गुरुजींनी मात्र मंडळाचा चक्क इतिहास लिहिला होता आणि रविवारी तो वाचायचा होता. पण मंडळातला रुपचंद सरपणाचे सात खडखडीत वाळलेले नमुने घेऊन दीपनगरच्या वीजकेंद्रात गेला होता. तिथल्या यंत्राने वही खोटी ठरवली, तर इतिहास गेला चुलीत!

शनिवारी दुपारी पॅसेंजर आली. ती थांबायच्या आतच रुपचंदने उडी टाकली.

"गुरुजी, यंत्रना आकडा आपलापेक्षा दुप्पट शेतस!"

गुरुजींनी फलाटावरच्या बाकावर बसून यंत्राच्या आकड्यांशेजारी वही उघडली. बाभूळ, दुप्पट. गोवरी, दुप्पट. तुराटी, तीही दुप्पट! म्हणजे आपला डबा अर्धी उष्णता हवेत घालवतो, पण दर वेळी अर्धीच! वही खरी होती! गुरुजी एवढ्या मोठ्याने हसले, की स्टेशनमास्तर बाहेर आले.

अडली ती फक्त पऱ्हाटी, कापसाच्या झाडाची काडी. यंत्राचे चार हजार, वहीत सोळाशे. आणि शेजारी खोडलेला एक आकडा होता, दोन हजार. तो भिकूअक्काचा.

गुरुजींची थोरली बहीण भिकुबाई ही मंडळातली एकटी बाई. मंडळाच्या तिसऱ्याच वर्षी, चौऱ्याऐंशी साली, बाकी सगळ्यांचे सोळाशे आले, तिचेच दोन हजार. गुरुजींनी काही न विचारता त्यावर रेघ मारली. अक्का त्यानंतर बैठकीला आलीच नाही. इतिहासात तिचं नावही नव्हतं.

गुरुजी वही काखोटीला मारून पळतच तिच्या ओट्यावर पोचले.

"अक्का, तुन्हा आकडा खरा शे!"

अक्का कांदे निवडत होती. "मन्ही पऱ्हाटी महिनाभर घरना धाबावर उनमा वाळेल व्हती, तुम्हनी वावरमातली वली. पन माले कोनी इचारं?"

गुरुजींना लाजही वाटली आणि आनंदही आवरेना. त्यांनी तिथेच इतिहासाचं पहिलं पान फाडलं आणि नव्या कागदावर वर तिचं नाव लिहिलं.

अक्काने ते नीट पाहून घेतलं. मग म्हणाली, "उद्या परत मोजसूत. पऱ्हाटी मी आनसू. तू रेघ मारानी पेन्सिल घरीच ठेव."