वाटेत लेकीचं गाव लागतं

कॅप्टन कधी सैन्यात नव्हते, आणि बोटीवर पाय ठेवला तर त्यांना मळमळायचं. उभी हयात बस आगारात गेली, गाड्यांचे ब्रेक आणि टायर तपासण्यात. पण रविवारी सकाळी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मोटरसायकलवाल्यांच्या क्लबाची बैठक भरायची, तिथे पुढे कोण चालणार हे ते ठरवायचे आणि पुढे तेच चालायचे, म्हणून कॅप्टन. बायकोही चारचौघांत त्यांना कॅप्टनच म्हणायची. घरात 'अहो'. आणि अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर 'अहो कॅप्टन'.

त्या हॉलमधलं त्यांचं गाजलेलं व्याख्यान म्हणजे 'मोटरसायकलवरून परदेश: व्यवहाराच्या चार गोष्टी'. चार म्हणायचं आपलं. ते बोलायला उभे राहिले की खाली दुकानदाराचं जेवण व्हायचं, डुलकी व्हायची, तरी वर यांची चौथी गोष्ट संपलेली नसायची. जड सामान खाली आणि टाकीजवळ. पावसाचा कोट सगळ्यांत वर, कारण तुम्ही पिशवी उपसेपर्यंत पाऊस काही दम धरत नाही. क्लचची जादा वायर जुन्या वायरीलाच चिकटपट्टीने बांधून ठेवा. परदेशात रस्त्याची बाजू बदलत असेल तर टाकीवर बाण चिकटवा. चहा पिऊन निघताना माणूस हमखास जुन्या बाजूला वळतो. सगळं अगदी शंभर टक्के खरं हो! फक्त एक बारीकशी गोष्ट होती. कॅप्टन स्वतः कधी देशाबाहेर गेले नव्हते. कुणी खवचटपणे तसं विचारलंच, तर म्हणायचे, "विहीर किती खोल आहे हे सांगायला आत उडी मारावी लागत नाही."

आणि व्याख्यानाचा कळस म्हणजे मागच्याचा नियम. पुढच्याने आरशात बघत राहायचं. मागचा दिसेनासा झाला की गाडी बाजूला घ्यायची आणि थांबायचं. मागे फिरायचं नाही, पुढे जायचं नाही, खुंटा ठोकून उभं राहायचं. "दोघंही एकमेकांना शोधत फिरले तर जन्मात भेट व्हायची नाही," असं ते बोट वर करून सांगायचे. मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नाही, हे ते सांगतही नसत. ते कोण करणार?

असा हा सगळ्या जगाला वाट दाखवणारा माणूस. त्याच्याशी त्याची एकुलती एक लेक चार वर्षं बोलत नव्हती.

भांडण म्हणावं तर भांडण झालंच नव्हतं. लेकीने शेजारच्या देशातला एक पाववाला पसंत केला. स्वतःची भट्टी, सरळ स्वभाव, नाव ठेवायला जागा नाही. कॅप्टन चिडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी सल्ला दिला. साखरपुड्याला दिला, पत्रिका छापताना दिला, आणि ऐन लग्नाच्या दिवशी तिला बाजूला घेऊन, नवरा पहाटे उठणारा असला की संसाराचं काय होतं, यावर मुद्देसूद बोलले. लेक नटूनथटून उभी. म्हणाली, "बाबा, एकदा तरी नुसतं 'सुखी राहा' म्हणा ना." कॅप्टन म्हणाले, "म्हणतो. पण सुखी राहायचं तर आधी—" पुढचं ऐकायला ती तिथे नव्हती. सरहद्द ओलांडून गेली ती गेलीच. फोन यायचा तो आईला. कॅप्टन त्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊन मोटरसायकलची साखळी पुसत बसायचे. इतकी स्वच्छ साखळी अख्ख्या क्लबात कुणाची नव्हती.

बायको सगळं बघत होती. तिने पन्नाशीत मोटरसायकल शिकून घेतली होती, तीही नवऱ्याच्या हाताखाली, म्हणजे सहनशक्तीला तोड नाही बघा. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, इतकी भाषणं ठोकता, एकदा परदेशात जाऊन तर येऊ. घाटातून सरहद्द पार करू."

"त्या रस्त्याने?" कॅप्टन सावध झाले. "त्या रस्त्यावर तिचं..."

"लागतं वाटेत. त्याला आपण काय करणार?"

"तिला चालेल?"

"म्हणाली, या." बायकोने मान वर केली नाही.

कॅप्टनचा जीव सुपाएवढा झाला. या म्हणाली! पण क्लबात सांगताना त्यांनी चेहरा असा काही ठेवला की विचारू नका. "लेकीकडे वगैरे नाही हो. लांबचा प्रवास आहे. वाटेत तिचं गाव लागतं, एवढंच." हे इतक्या वेळा सांगितलं की ऐकणाऱ्यांना आपोआपच खरं काय ते कळलं.

तयारी कॅप्टनला शोभेल अशीच झाली. दोघांचे पासपोर्ट आणि गाड्यांचे अस्सल कागद एका पाकिटात, पाकीट कॅप्टनच्या छातीशी. कारण कागद एकाच माणसाकडे असावेत, आणि तो माणूस जबाबदार असावा. बायकोकडे झेरॉक्स. प्रवासासाठी परदेशातही चालेल असं नवं सिम कार्ड एकच घेतलं, जुनी घरी ठेवली. "दोन कशाला? आपण काय एकमेकांना फोन करणार आहोत? एकत्रच तर आहोत." पोळ्या, चटणी आणि फळं बायकोच्या पिशवीत, कारण त्यांच्या पिशवीत हत्यारं होती. आणि एका रात्री आरशासमोर उभं राहून कॅप्टनने हळूच म्हणून बघितलं, "सुखी राहा." बरं जमलं. पुन्हा म्हणून बघितलं. बायको अंथरुणात डोळे मिटून ऐकत होती.

तीन दिवस प्रवास झकास झाला. चौथ्या दिवशी सरहद्दीचा घाट लागला. उजवीकडे कडा, डावीकडे दरी, आणि वळणं अशी की एक संपतंय तोवर दुसरं तयार. कॅप्टनचं सगळं चित्त त्या दिवशी लेकीच्या दारात होतं. बेल वाजवायची की कडी? आधी कोण बोलणार? एका वळणानंतर त्यांनी आरशात बघितलं तर मागे रस्ता रिकामा.

नियम म्हणजे नियम. थोडं पुढे रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवायला मोकळी जागा होती. तिथे एक भलाथोरला ट्रक उभा होता, त्याच्या पलीकडे सावली होती. कॅप्टनने मोटरसायकल सावलीत लावली. तिथे दोन तरुण आपल्या मोटरसायकलपाशी उकिडवे बसून साखळीकडे बघत होते. साखळी लोंबत होती. आता तुम्हीच सांगा, लोंबती साखळी आणि कॅप्टन समोरासमोर आले तर काय होणार?

"ढिली सोडलीत," कॅप्टन म्हणाले, आणि गुडघे टेकून बसले. मग साखळी किती ताणायची, कशाने पुसायची, सामान लादल्यावर ती का ताणली जाते, हे सगळं आलं. पोरांनी कान दिला. शिकायची आवड असलेली पोरं हल्ली कुठे भेटतात? कॅप्टन खुलले. रस्त्याकडे त्यांची पाठ होती आणि मध्ये ट्रक होता. त्याच वेळी बायको रस्त्यावरून भर्रकन पुढे निघून गेली. मागे तिला एका मेंढ्यांच्या कळपाने अडवलं होतं. आता आपला नवरा पार पुढे गेला असणार, आपल्यासाठी थांबून थांबून संतापला असणार, म्हणून ती बिचारी होती नव्हती ती हिंमत गोळा करून गाडी पळवत होती.

पोरं आभार मानून गेली. ट्रकही गेला. कॅप्टन रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले आणि मागच्या वळणाकडे बघू लागले.

आधी ते वैतागले. "गिअर टाकायला कचरतेय. सांगितलं होतं." मग ती सापडल्यावर काय काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं. ऊन सरकलं. खालून गाड्या येत होत्या, जात होत्या. प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला ते दोन पावलं पुढे यायचे आणि परत मागे जायचे. मनात लावून ठेवलेलं बोलणं हळूहळू विरत गेलं आणि तिथे दरी येऊन बसली. दरीकडे बघायचं नाही असं ठरवूनही ते बघत होते. खाली काही चमकलं तर? आणि नाहीच चमकलं तर? एका गाडीवाल्याला हात दाखवून विचारलं, खाली कुठे अपघात दिसला का. त्याला भाषाच कळेना. त्याने हसून हात हलवला आणि निघून गेला.

मागे जावं तर नियम. आपण खाली जायचो आणि ती नेमकी वर यायची. आणि नाही गेलो, आणि ती खाली कुठे पडलेली असली तर? आयुष्यात पहिल्यांदा कॅप्टनला आपलाच नियम घशात हाडूक अडकावं तसा अडकला. पोटात भुकेने खड्डा पडला होता आणि पोळ्या तिच्या पिशवीत होत्या. पण पोळ्यांची आठवण झाली आणि त्यांचे डोळेच भरून आले. तीन दिवस ही बाई आपल्या मागून निमूट आली, आणि आपण तिला दर मुक्कामाला काय सांगितलं? ब्रेक उशिरा दाबतेस.

फोन त्यांच्याकडे होता. पण करणार कुणाला? तिच्याकडे सिमच नव्हतं. या मुलखात त्यांच्या ओळखीचं एकच माणूस होतं. नंबर त्यांच्याकडे चार वर्षं होता, कुणाला न सांगता जपलेला. कॅप्टनने हातमोजा काढला, नंबर काढला, फोन परत खिशात ठेवला. परत काढला. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं.

लागत नव्हता. ती कुणाशी तरी बोलत होती.

जगात कुणाचा फोन कधी व्यस्त लागत नाही का? पण कॅप्टनला वाटलं, मिळालं उत्तर. माझा आवाज न ऐकताच तिने मला ओळखलं. दुसऱ्यांदा लावायचं बळ त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी फोन ठेवला, आणखी तासभर वळणाकडे बघत काढला, आणि मग नियम गेला खड्ड्यात म्हणून मोटरसायकल फिरवायला घेतली. हत्यारांनी लादलेली ती अवजड गाडी चढावर एकट्याने वळवताना दोनदा अंगावर आली. तोंड एकदाचं खालच्या बाजूला झालं, तेवढ्यात वरून एक छोटी गाडी उतरत आली. तिच्या दारावर पावाचं चित्र होतं. गाडी कचकन ब्रेक मारून थांबली.

लेक उतरली. जरा अंगाने भरली होती, केस आखूड केले होते. बाह्यांना पीठ लागलेलं होतं. ती घाईने आली आणि चार हातांवर थबकली.

"आई..." कॅप्टनच्या तोंडून एवढंच निघालं.

"आई बरी आहे. वर सरहद्दीच्या चौकीत बसलीय. तिच्याकडे सगळ्या झेरॉक्स आहेत, आणि ते लोक तिला सोडत नाहीत. तिला माझाच नंबर पाठ होता." तिने हात पुढे केला. "तिचा पासपोर्ट द्या."

कॅप्टनला ऐकू आलं ते एवढंच. आहे. जिवंत आहे. पुढे गेली! त्यांनी छातीशी हात नेऊन पाकीट काढलं. हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"मला वाटलं, दरीत..." ते म्हणाले. "बरं झालं तू आम्हाला बोलावलंस. नाहीतर परक्या मुलखात—"

"आम्हाला?" लेक म्हणाली. "मी आईला बोलावलं होतं. बायकांच्या क्लबबरोबर येतेय म्हणाली होती. तुम्ही आहात हे मला आज कळलं. चौकीतून फोन आला तेव्हा."

बायको भाजी निवडत होती, मान वर करत नव्हती, ते त्यांना आता दिसलं. त्यांनी पाकिटातून बायकोचा पासपोर्ट काढला, तिच्या गाडीचे कागद काढले, आणि लेकीच्या हातात दिले. उरलेलं पाकीट परत आत ठेवलं. आरशासमोर घोकलेले दोन शब्द जिभेवर होते, पण आता ते म्हणजे भीक मागितल्यासारखं झालं असतं.

"तिला घेऊन जा," ते म्हणाले. "मी फिरतो मागे. गाडीचं तोंड तसंही तिकडेच आहे."

लेकीने कागद घेतले. दोन पावलं गेली आणि वळली.

"मघाशी मी आईशी बोलत असताना मध्ये एक फोन येत होता. अनोळखी नंबर."

"हो."

"तुमचा होता?"

"हो."

"तुम्ही मला फोन केलात?" तिचा आवाज फाटला. "काय सांगायला?"

"सांगायला नाही गं," कॅप्टन म्हणाले. "विचारायला. मी काय करू, ते कळत नव्हतं मला."

खालून एक ट्रक घरघरत वर आला, दोघांच्या अंगावर धूळ उडवत निघून गेला. तिने बाहीने तोंड पुसलं, तर गालाला पीठ लागलं.

"जेवलात का?"

"नाही."

"तीही नाही जेवली. 'ते जेवल्याशिवाय मी कशी खाऊ' म्हणते आणि पिशवी उघडायला तयार नाही. ते चौकीवाले तिला हात जोडताहेत." ती गाडीकडे निघाली. "फिरवा ती गाडी. तुम्हाला इथे आणि तिला तिथे जेवू घालायला मला वेळ नाहीये. भट्टी पेटलेली टाकून आलेय."

कॅप्टनने मोटरसायकल पुन्हा वळवायला घेतली. ती हलेना. लेक आली, मागून सामानाला खांदा लावला, आणि दोघांनी मिळून गाडीचं तोंड चढाकडे केलं.

मग तिची गाडी पुढे आणि त्यांची मागे, असे ते घाट चढू लागले. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे काच, हातात जाड मोजे. अशा थाटात चालत्या गाडीवर माणसाला डोळे पुसता येत नाहीत. व्यवहाराची ही एवढी साधी गोष्ट कॅप्टनने आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्यांना ती माहीतच नव्हती.