राहुड घाटातला न्यूट्रल

सोमवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी राहुड घाट उतरताना खताच्या गोण्यांचा ट्रक आपोआप न्यूट्रलला गेला, वळणावरच्या हातगाडीवर आदळला आणि पेरू विकणाऱ्या साळूबाई जागीच गेल्या. यातला ‘आपोआप’ हा शब्द ड्रायव्हर भारतचा. पोलिसांच्या कागदात तो नव्हता.

नवव्या दिवशी पोलिसांकडून ट्रक सुटला आणि मालक कुंदनशेठ तो आडगाव नाक्यावर रियाजच्या दुकानासमोर घेऊन आले; जामिनावर सुटलेला भारतही बरोबर होता. रियाज वीस वर्षं ट्रकचं वायरिंग करत होता. भारतच्या वकिलाने अर्ज केल्यामुळे शुक्रवारी मोटार वाहन निरीक्षक गाडी पुन्हा पाहणार होते. बिघाड सापडला नाही, तर भारत तुरुंगात जाणार हे जवळपास ठरलेलं होतं.

“कंपनीवाल्यांनी कॉम्प्युटर लावून पाहिला, गाडी ओके आहे,” शेठ म्हणाले. “डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारला, दुसरं काय!”

“जुन्या गाडीत मारायचो शेठ, नाय म्हणत नाय,” भारत म्हणाला. “ह्या गाडीत मारला नाय. हिचे गिअर हीच बदलती, हिला तर क्लचबी नाय. डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून ऱ्हातो.”

 जुन्या गाडीतलं असं कबूल करण्याच्या खरेपणामुळेच त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता.

रियाजने विचारलं, “त्या वेळी काय काय चालू होतं? नीट आठव.”

“ब्रेक, रियाजभाई. लय वेळ दाबून धरला व्हता. समोरचा गिअरचा आकडा गेला. दसऱ्यानंतर दोनदा असंच झालं व्हतं, पण सपाटीला. शेठला सांगितलं, तर म्हणले, झोप काढत जा.”

शेठ रस्त्याकडे पाहू लागले.

ब्रेक, आणि दसऱ्यानंतर. रियाजने मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी गिअर बदलणाऱ्या कंट्रोलरच्या अर्थिंगला लावली. इंजिन चालू ठेवून भारतला ब्रेक दाबायला लावला. शून्य पूर्णांक एक व्होल्ट. ठीक. तास गेला, चेसिस तापली. मीटरचा आकडा एक व्होल्टवर आला, तीनवर गेला, मग एकदम सहावर. केबिनमधून भारत ओरडला, “गिअरचा आकडा गेला! गेला!”

रियाज दिवा घेऊन खाली सरपटला. कंट्रोलरची अर्थिंगची वायर जिथे चेसिसला बोल्टने कसली होती, त्याच बोल्टवर दुसरी एक काळी वायर होती. तिच्याखालचा रंग खरवडलेला नव्हता आणि कडेने गंज चढला होता. वायर हिरव्या दोऱ्याने बांधलेली होती.

तो दोरा मालेगावचा. मेहरुन्निसाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या भावाच्या यंत्रमागावरचा. बाकी सगळे प्लॅस्टिकची पट्टी आवळतात, रियाज दोऱ्याची गाठ मारतो. दसऱ्याला शेठना गाडीच्या मागे ब्रेकबरोबर पेटणारे चौदा लाल दिवे हवे होते. गर्दी होती. त्याने आयता बोल्ट पाहिला आणि वायर त्यावरच कसून मोकळा झाला. ब्रेक दाबला की त्या दिव्यांचा सगळा भार तिथे येत होता, आणि रंगामुळे धड न बसलेला सांधा तापला की कंट्रोलर उपाशी राहून गिअर सोडून देत होता.



“घावलं का, भाई?” भारतने वाकून विचारलं.

“घावलं.”

“म्हंजे न्यूट्रल माझा नाय.”

“नाही. माझा.”

शेठ जवळ आले. “बोल्ट घासून टाक, रियाज. नवी वायर ओढ. तुझं पोट या धंद्यावर आहे.”

“हात लावणार नाही, शेठ.”

त्याने कागदावर लिहिलं: दिवे मी बसवले, रंग खरवडला नाही, भारतचा दोष नाही. खाली सही केली.

शुक्रवारी अकरा वाजता निरीक्षक आले. रात्रभर उभी असलेली गाडी थंड होती. भारतने बारा वेळा ब्रेक दाबला. शून्य पूर्णांक एक.

“तापू द्या, साहेब. तास लागतो,” रियाज म्हणाला.

निरीक्षक खरोखरच तासभर थांबले. सांधा होता तसाच होता, पण आज आकडा दोन दशांशावर गेला आणि तिथेच राहिला.

“तुम्ही बांधलेला दोरा दिसतोय,” ते म्हणाले. “बिघाड दिसत नाही.”

त्यांनी रियाजचा कागद फाइलला लावला, बोल्टवर लाखेचं सील केलं आणि गाडी हलवायची नाही असं शेठना बजावलं. काल संध्याकाळपर्यंत त्यांचा अहवाल आलेला नव्हता.